मांजरांच्या ब्रीडिंगला नियम कधी लागणार?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पांढरंशुभ्र पिल्लू, एक डोळा निळा, एक पिवळा, आणि खाली लिहिलेलं, "प्युअर पर्शियन, एक्स्ट्रीम पंच, ट्रिपल कोट, ऑड आय, ४० दिवस, लिटर ट्रेन्ड, फक्त सिरियस लोकांनी कॉल करा." पंधरा मिनिटांत बदामांचा पाऊस पडला, तिघांनी किंमत विचारली, एकीने लिहिलं की मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. मी तो मेसेज बराच वेळ बघत बसले, कारण त्या एका ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दामागे एक दुखणं आहे आणि त्यातली काही दुखणी मी आमच्याच घरात बघितलीयेत.

आमच्याकडे साखर नावाची पर्शियन मांजर होती. मावशीने घेतली होती, पण मावशी मुलाकडे राहायला गेली तेव्हा दोन वर्षांची साखर आमच्याकडे आली. अतिशय शांत मांजर, ओट्यावर उडी नाही, पडदे ओरबाडणं नाही, संध्याकाळी आई जपाला बसली की शेजारी येऊन बसायची आणि जप संपेपर्यंत उठायची नाही. साडेसहा वर्षांची झाली आणि पाणी खूप प्यायला लागली. आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. मग खाणं सुटलं, केसांच्या खाली हाडं लागायला लागली (त्या भरगच्च केसांमुळे वजन उतरलेलं आम्हाला दिसलंच नाही, हे मला अजून टोचतं), आणि सोनोग्राफी केली तर दोन्ही किडन्यांमध्ये द्राक्षांच्या घोसासारखे पाण्याचे फोड. डॉक्टर म्हणाले हे आत्ताचं नाही, हे जन्मापासून आहे. दोन महिने आम्ही घरी तिला कातडीखालून सलाईन देत होतो, मी मान धरायची आणि बाबा सुई लावायचे, ती एकदाही बोचकारली नाही. मग गेली.

या आजाराला पॉलिसिस्टिक किडनी डिसीज म्हणतात, मांजरवाले नुसतं पीकेडी म्हणतात. एका जीनमधला एक बिघाड आहे, आणि तो असा की आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून जरी आला तरी पुरतो. अशा मांजराच्या पिल्लांपैकी साधारण निम्म्यांत तो उतरतो. फोड जन्मतःच असतात पण अगदी बारीक, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत जातात आणि बहुतेकदा सहा-सात वर्षांच्या सुमाराला किडनी हात टेकते. तोपर्यंत त्या मांजरीची कितीतरी पिल्लं विकली गेलेली असतात, म्हणजे आजार दिसायच्या आधीच तो पुढच्या दहा घरांत पोचलेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर लेस्ली लायन्स यांच्या टीमने २००४ मध्ये हा बिघाड नेमका कुठे आहे ते शोधलं, आणि त्या काळात जगभरातल्या पर्शियन मांजरांपैकी तिसरा हिस्सा तरी याच्या तावडीत होता. तेव्हापासून टेस्ट आहे. गालाच्या आतून एक छोटा ब्रश फिरवायचा आणि लॅबला पाठवायचा, बस. आणि एकच प्रत पुरते अशा तऱ्हेचा आजार असल्यामुळे त्याची दुसरी बाजू पण आहे, बिघाड असलेली मांजरं ब्रीडिंगमधून काढली तर त्या घराण्यातून तो एकाच पिढीत संपतो. एकाच पिढीत! इतकं सोपं असताना साखर का गेली, याचं उत्तर मला विज्ञानात सापडलं नाही, ते बाजारात सापडलं. कुणी टेस्ट करत नाही कारण कुणी विचारत नाही, आणि करायलाच हवी असा आपल्याकडे नियम नाही.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. कुत्र्यांच्या ब्रीडिंगला आपल्या देशात २०१७ पासून नियम आहेत तसे मांजरांच्या ब्रीडिंगलाही पाहिजेत, आणि ते येईपर्यंत आपण घेणाऱ्यांनी तरी त्या जाहिरातीतला एकेक शब्द नीट समजून घेतला पाहिजे.

आधी "प्युअर" घेऊ. पेडिग्री म्हणजे वंशावळ, दुसरं काही नाही. त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत जशी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची नावं सापडतात तशी मांजराच्या मागच्या तीन-चार पिढ्यांची नोंद, कुठल्यातरी रजिस्ट्रीत. अमेरिकेत सीएफए ही संस्था १९०६ पासून अशा नोंदी ठेवते, ब्रिटनमध्ये जीसीसीएफ १९१० पासून. आपल्याकडे ज्यांना पर्शियन म्हणून विकतात त्यातल्या बहुतेकांकडे असा कागदच नसतो. लांब केस आणि चपटं नाक दिसलं की प्युअर. पण वंशावळ चेहऱ्यावर दिसत नाही ना! आणि कागद नसेल तर ते पिल्लू वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये, मांजर ते मांजर, पण मग "प्युअर" या शब्दाचे जे जास्तीचे दहा-पंधरा हजार घेतात ते कशाचे घेतात एवढंच मला विचारायचंय.

मुळात मांजरांच्या बाबतीत हे ब्रीड प्रकरण फार नवीन आहे हे लोकांना माहीत नसतं. मांजर माणसाजवळ आलं ते पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेच्या भागात, शेती सुरू झाल्यावर, धान्याला उंदीर लागले म्हणून. तिथल्या रानमांजरापासून, फेलिस लिबिका तिचं नाव, आपली सगळी घरातली मांजरं आली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडलीये, माणसाशेजारी मांजर पुरलेलं. तेव्हापासून अगदी परवापर्यंत मांजराने कुणाशी जोडी जमवायची हे मांजरच ठरवत होतं. कुत्र्यांचं वेगळं, मेंढ्या राखायला एक, शिकारीला एक, राखणीला एक, माणसाने कामासाठी वेगवेगळे कुत्रे घडवले. मांजराचं काम एकच होतं आणि ते त्याला शिकवावं लागत नव्हतं. मग १३ जुलै १८७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वीअर नावाच्या चित्रकाराने मोठं मांजर प्रदर्शन भरवलं, कुठल्या मांजराला कशाबद्दल किती गुण द्यायचे याची मोजपट्टी त्यानेच केली, आणि तिथून पुढे मांजर दिसण्यासाठी घडवायला लागले. वीअरचा हेतू चांगला होता, रस्त्यावरच्या मांजरांना लोकांनी मान द्यावा असं त्याला वाटत होतं. पुढे तो नॅशनल कॅट क्लबचा पहिला अध्यक्ष झाला आणि काही वर्षांनी बाहेर पडला, कारण लोकांना मांजरांपेक्षा बक्षिसांचीच जास्त पडलीये असं त्याचं मत झालं. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी त्याला जे दिसलं तेच आज आमच्या ग्रुपवर मला दिसत होतं.

आणि नावांचं तर काय सांगू. पर्शियन म्हणजे इराणची असं सगळे धरून चालतात. लांब केसांची मांजरं सतराव्या शतकात त्या बाजूने इटली-फ्रान्सला गेली हे खरं, पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाचं नाव त्यात घेतात. पण २००८ मध्ये त्याच डेव्हिसच्या टीमने जगभरच्या मांजरांचे डीएनए ताडून पाहिले तेव्हा आजची पर्शियन ही पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांना जास्त जवळची निघाली. हिमालयन नावाची मांजर हिमालयातली नाही, पर्शियन आणि सयामी यांच्या क्रॉसमधून अमेरिका-ब्रिटनमध्ये तयार झालेली. बॉम्बे नावाचं एक काळंभोर ब्रीड आहे, तांब्याच्या रंगाचे डोळे, ती घडवली अमेरिकेत केंटकीमध्ये १९५० च्या दशकात, बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअरपासून, आणि आपल्याकडच्या ब्लॅक पँथरची आठवण म्हणून नाव दिलं बॉम्बे. मुंबईतल्या कुठल्याही मांजराचा त्यात अंश नाही. उलट अ‍ॅबिसिनियन, जिचं नाव इथिओपियाचं, तिच्यासारखं दिसणारं भुसा भरलेलं एक जुनं मांजर हॉलंडमध्ये लायडनच्या म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या लेबलवर देश लिहिलाय इंडिया. आपल्या सिंहगड पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर ती बारीक ठिपक्या-ठिपक्यांच्या केसांची, सशाच्या रंगाची मांजरं दिसतात ना, ती मला ते वाचल्यापासून वेगळीच वाटायला लागलीयेत.

आता "एक्स्ट्रीम पंच". पंच म्हणजे ठोसा, तोंडावर ठोसा मारल्यासारखा चपटा चेहरा, हा शब्द आपण प्रेमाने वापरतो याचंच मला वाईट वाटतं. बाजारात तीन पायऱ्या असतात, डॉल फेस, सेमी पंच आणि पंच, आणि नाक जितकं आत तितका भाव वर. शंभर वर्षांपूर्वीच्या पर्शियनचे फोटो बघा, व्यवस्थित नाक आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात, मुख्यतः अमेरिकेतल्या शोमधून, हे नाक वर वर सरकत डोळ्यांच्या मध्ये गेलं. पण नाक म्हणजे काही बाहेर चिकटवलेली गोष्ट नाही, कवटी बदलली की आतलं सगळंच बदलतं. डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी वाकडी होते, म्हणून डोळ्यांतून सतत पाणी आणि खाली तपकिरी डाग. जबडा आखूड पण दात तितकेच, म्हणून ते एकमेकांवर चढतात आणि सडतात. नाकपुड्या बारीक, म्हणून झोपेत घोरणं, ज्याचे लोक व्हिडिओ काढून टाकतात किती क्यूट म्हणून. ते मांजर श्वासासाठी धडपडतंय हो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या लोकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तीन हजारांवर पर्शियन मांजरांचे दवाखान्यातले रेकॉर्ड तपासले, त्यातल्या जवळपास ६५ टक्क्यांना काही ना काही आजार नोंदलेला होता, आणि मरणाचं सगळ्यात मोठं कारण किडनी, जवळजवळ चौथा हिस्सा. हे ब्रिटनच्या थंड हवेतलं.

आपल्याकडे मे महिना आहे. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना, बाकी अंग चाटून ते थंड होतं आणि अगदीच झालं तर तोंड उघडून धापा टाकतं. चपट्या नाकाच्या मांजराला ते धापा टाकणंही धड जमत नाही. नागपूर-अकोल्याला ४५ डिग्रीत, लोडशेडिंग असताना, वर ट्रिपल कोट. (ट्रिपल कोट असा काही शास्त्रीय प्रकार नाही, केसांचे थर मोजून कुणी भाव ठरवत नाही, दाट दिसलं की ट्रिपल म्हणतात.) ते केस रोज विंचरावे लागतात, रोज म्हणजे रोज, गणपतीत पाहुणे आहेत म्हणून चार दिवस सुट्टी असं चालत नाही. काखेत, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी जटा धरतात, त्या कातडी ओढतात, खाली ओल राहून बुरशी होते, आणि ती रिंगवर्मची बुरशी घरातल्या लहान मुलांच्या अंगावर गोल चट्टे बनून येते. मग घरातली मोठी माणसं म्हणतात काढा ते मांजर. आमच्या ओळखीच्या एका शेल्टरमध्ये गेल्या दिवाळीनंतर आठ पर्शियन सोडून दिलेल्या आल्या, आठही जणींना जटा आणि चट्टे, आणि त्यातल्या पाच जणींना बाहेर काय असतं हेच माहीत नव्हतं, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं तरी कोपऱ्यात बसून राहायच्या.

फोल्डबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. स्कॉटिश फोल्ड, ते दुमडलेल्या कानांचं गोल डोक्याचं मांजर, घुबडासारखं दिसतं, रील्समध्ये बसलेलं असतं पाय पुढे पसरून माणसासारखं. १९६१ मध्ये स्कॉटलंडमध्ये कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर सूझी नावाची मांजर सापडली, तिचे कान दुमडलेले होते, जगातली सगळी फोल्ड मांजरं त्या एका मांजरीपासून आलीयेत. कान का दुमडतात? कारण कुर्चा, म्हणजे ते कानातलं मऊ हाड, नीट तयारच होत नाही. आणि कुर्चा फक्त कानात नसते, ती प्रत्येक सांध्यात असते. म्हणजे तो दुमडलेला कान हे आजाराचं बाहेर दिसणारं लक्षण आहे. शेपटी कडक होते, घोटे जाड होतात, उडी मारणं बंद होतं, आणि मांजर पाय पसरून बसतं, अनेकदा दुमडून बसणं दुखतं म्हणून. ज्या ब्रिटनमध्ये हे ब्रीड जन्मलं तिथल्या जीसीसीएफने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याची नोंदणी बंद केली, नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात त्याच्या ब्रीडिंगवर बंदी आहे. आपल्याकडे पेट शॉपवाला तेच मांजर "रेअर" म्हणून दाखवतो आणि जास्त पैसे मागतो. यात मध्यममार्ग नाही. दोन्ही बाजू ऐकून घेऊ असंही नाही. दुमडलेला कान आणि निरोगी सांधा हे एकत्र मिळतच नाहीत, त्यामुळे फोल्डचं चांगलं ब्रीडिंग अशी गोष्ट असूच शकत नाही.

"ऑड आय" हे त्यामानाने सौम्य, पण सांगायला हवं. पांढऱ्या मांजराचे डोळे निळे असले तर ते बहिरं असण्याची शक्यता बरीच असते, एकच डोळा निळा असेल तर कधीकधी त्या बाजूच्या कानाने. रंग बनवणाऱ्या ज्या पेशी असतात त्या आतल्या कानातही लागतात, त्या पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. बहिरं मांजर घरात छान जगतं, फक्त ते बहिरं आहे हे माहीत पाहिजे, नाहीतर हाक मारली तरी येत नाही म्हणून लोक त्याला माजोरडं म्हणतात आणि दार उघडं राहिलं की रस्त्यावर त्याला हॉर्न ऐकू येत नाही.

रंगाचा विषय निघाला म्हणून एक सांगते, सयामीचं. थायलंडमधलं जुनं मांजर, अयुथया या तिथल्या जुन्या राजधानीच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या पोथ्यांमध्ये त्यांची वर्णनं आणि चित्रं आहेत. तिच्या अंगात रंग तयार करणारं जे एन्झाइम असतं ते फक्त थंड जागी काम करतं, म्हणून कान, नाक, पाय, शेपटी, म्हणजे जिथे अंग गार असतं तिथे काळं, बाकी फिकट. पिल्लं आईच्या पोटात उबेत असतात म्हणून जन्मतात ती पांढरी. गरम हवेत वाढलेली सयामी फिकी राहते, थंड हवेत गडद होते. मला हे फार सुंदर वाटतं आणि मुद्दाम सांगतेय, कारण ब्रीड म्हटलं की सगळं वाईटच असं माझं म्हणणं नाही. निसर्गात आपोआप आलेला, मांजराला न दुखवणारा फरक जपणं वेगळं आणि दुखणंच फॅशन म्हणून जपणं वेगळं.

आता स्वभाव. "पर्शियन शांत असते, बोचकारत नाही, मुलांसाठी बेस्ट." ब्रीडप्रमाणे स्वभाव बदलतो हे खोटं नाही, हेलसिंकी विद्यापीठात जवळपास सहा हजार मांजरांच्या मालकांना प्रश्न विचारून अभ्यास झालाय, त्यात ब्रीडनुसार स्पष्ट फरक दिसले, आणि स्वभावातला बराच भाग, निम्म्याच्या आसपास, आनुवंशिक निघाला. सयामी दिवसभर बोलते, तिला एकटं राहवत नाही, घरात सगळे नऊ ते सात ऑफिसला असतील तर तिने कुणाशी बोलायचं? बेंगॉल, जिच्या रक्तात रानातल्या लेपर्ड कॅटचा अंश आहे (ही लेपर्ड कॅट आपल्या पश्चिम घाटात पण आहे), तिला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवली तर ती घर फाडते आणि चूक तिची नसते. मेन कून मोठं, प्रेमळ, पण त्याच्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार चालत येतो, त्याचीही जीन टेस्ट २००५ पासून माहीत आहे. तर फरक आहेत. पण राहिलेल्या निम्म्याचं काय? त्यातलं बरंचसं ठरतं पहिल्या काही आठवड्यांत. दोन ते सात आठवडे हा पिल्लाने माणसाचा हात, आवाज, वास ओळखायला शिकण्याचा काळ, आणि त्यानंतरचे पाच-सहा आठवडे आई आणि भावंडांकडून शिकण्याचे, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, लिटरमध्ये, म्हणजे शी-शूच्या वाळूत, घाण कशी झाकायची, कधी थांबायचं. हेलसिंकीच्याच अभ्यासात आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला, आणि शक्यतो चौदा आठवडे आईजवळ ठेवा असं त्यांनी सुचवलं. ब्रिटनमध्ये जीसीसीएफ तेरा आठवड्यांच्या आत पिल्लू देऊ देत नाही. आणि आमच्या ग्रुपवर, ४० दिवस. म्हणजे पावणेसहा आठवडे. लसीचा पहिला डोसही झालेला नसतो, ट्रायकॅट ही मांजरांची लस आठ-नऊ आठवड्यांना सुरू होते, आईच्या दुधातून आलेली ताकद ओसरत असते आणि नेमकं तेव्हा ते पिल्लू खोक्यात घालून रिक्षातून नवीन घरी येतं. पॅनल्यूकोपेनिया या विषाणूच्या आजाराने तीन दिवसांत जातात अशी पिल्लं. ४० दिवसांना का विकतात? कारण त्या वयात ते सगळ्यात गोंडस दिसतं आणि सातव्या आठवड्यापासून त्याच्या खाण्याचा खर्च वाढतो. मुलीच्या वाढदिवसाचं सरप्राइज.

खाण्याचं मी वेगळं लिहिणार होते पण थोडक्यात सांगते कारण आपल्याकडे ही चूक मायेपोटी होते. मांजर मांसाहारीच आहे, त्यात निवड नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर दृष्टी जाते आणि हृदय ताणून कमकुवत होतं, हे हृदयाचं १९८७ मध्ये सिद्ध झालं. शाकाहारी घरात दहीभात आणि दूधपोळीवर पर्शियन वाढवतात, आमच्या मावशीनेही सुरुवातीला तेच केलं होतं, प्रेमाने केलं होतं. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही. तुमच्या घरात मांसाहार चालत नसेल तर ठीक आहे, तो तुमचा विचार, पण मग मांजराचं तयार खाणं आणा, तेही चालणार नसेल तर मांजर आणू नका. आणि ताप आलाय असं वाटलं म्हणून मांजराला क्रोसिन देऊ नका, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आता लोक काय म्हणतात ते. पहिलं म्हणजे चांगले ब्रीडर पण असतात, सगळ्यांना एका माळेत का ओवता? असतात, मी दोघांना ओळखते, त्यातल्या एकीच्या घरी आई-बाप दोघांचे पीकेडी रिपोर्ट भिंतीवर लावलेत आणि ती तीन महिन्यांच्या आत पिल्लू देतच नाही, आणि म्हणूनच तिची पिल्लं विकली जात नाहीत, कारण शेजारच्या गल्लीत तसंच दिसणारं पिल्लू निम्म्या किमतीत मिळतं. नियम नसण्याचा सगळ्यात जास्त तोटा तिलाच होतोय. दुसरं, माझे पैसे, माझी हौस. हौस तुमची आहे पण सांधे मांजराचे आहेत. तिसरं, नियम आले तर ब्रीड संपेल. नाही संपणार. नाकवाली पर्शियन, जिला आपल्याकडे डॉल फेस म्हणून कमी भाव देतात, तीच मूळची पर्शियन आहे, तिच्याकडे परत जाता येतं. चौथं, मी स्वतः मानते ते, की मग गावठी मांजर का घेऊ नये? जरूर घ्या. रस्त्यावरून, शेल्टरमधून घ्या, इथल्या हवेला सरावलेली, आखूड केसांची, सरळ नाकाची. पण ज्यांना ब्रीडच हवंय ते माझ्या सांगण्याने थांबणार नाहीत आणि त्यांना शिव्या घालून पर्शियनचं काही भलं होणार नाही, म्हणून कायद्याचं बोलणं भाग आहे.

कायदा आज काय म्हणतो? २०१७ च्या कुत्र्यांच्या ब्रीडिंग नियमांत ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत मेटिंग नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा पिल्लं नाहीत. पाळले जातात का, तो वेगळा प्रश्न, पण निदान बोट ठेवायला कागद आहे. मांजरांसाठी असं काही नाही. २०१८ चे पेट शॉपचे नियम मांजरांना लागू आहेत, ऑनलाइन विक्रीलाही लागू आहेत, पण ते विक्रीच्या जागेचे नियम आहेत. बेडरूममध्ये तीन माद्या आणि एक स्टड, म्हणजे ब्रीडिंगचा नर, ठेवून वर्षभर पिल्लं काढणाऱ्याला मेटिंगच्या वयाचं, बाळंतपणाच्या संख्येचं, टेस्टचं बंधन नाही. मांजरीचे गाभणपणाचे दिवस जेमतेम ६३ ते ६५, पिल्लं दूध पीत असतानाच ती परत माजावर येऊ शकते, वर्षात तीन वेळा सहज. आणि क्रूरतेचा गुन्हा लावायचा म्हटलं तर १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. एका पिल्लाची किंमत पंधरा हजार, दंड पन्नास.

मला जे हवंय ते फार नाही. मांजरांच्या ब्रीडरची नोंदणी, बारा आठवड्यांच्या आत विक्री नाही, मादीला वर्षाला एकच वेत, पर्शियन आणि तिच्या नात्यातल्या ब्रीडना आई-बापाचा पीकेडी रिपोर्ट दाखवल्याशिवाय विक्री नाही, फोल्डवर सरसकट बंदी, आणि नाकाचा वरचा काठ डोळ्याच्या खालच्या काठाच्या वर गेलेल्या मांजराचं ब्रीडिंग नाही. ही नाकाची रेघ मी मनाने ओढलेली नाही, जीसीसीएफच्या पर्शियनच्या स्टँडर्डमध्ये हीच आहे. जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात यातना देणाऱ्या ब्रीडिंगला आधीपासून मनाई आहे. आपल्याला नवीन काही शोधून काढायचं नाहीये.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं, आई-बापाचा पीकेडी रिपोर्ट आहे का आणि आई बघायला मिळेल का. उत्तर आलं, पीकेडी म्हणजे काय, आणि आई गावाला आहे. संध्याकाळी मेसेजखाली "सोल्ड" आलं. कुणी घेतलं ते मला कळलं नाही. ज्यांनी घेतलं ते आमच्याच सोसायटीतले असतील तर त्यांनी हे वाचावं. ते पिल्लू पाठमोरं असताना टाळी वाजवून बघा, दोन्ही बाजूंनी, वळतं का. निदान दोन आठवडे त्याला इतर मांजरांपासून लांब ठेवा, आठ आठवड्यांचं झालं की ट्रायकॅटसाठी न्या, बाल्कनीला जाळी लावा, रोज संध्याकाळी मऊ कंगव्याने विंचरायची सवय आत्तापासून लावा. दहा महिन्यांचं झालं की किडनीची सोनोग्राफी करून घ्या, त्या वयात फोड असले तर बहुतेक दिसतात. आणि ती सोनोग्राफी होईपर्यंत, कुणी कितीही मागे लागलं तरी, त्याला क्रॉसिंगला देऊ नका. काही अडलं तर बी विंगमध्ये दुसरा मजला, आमच्या साखरच्या सलाईनची बाटली अडकवायचा हुक आमच्या खिडकीला अजून आहे.